खिळ्यावरची काळी बादली

१२ एप्रिल

प्रिय दादा,

पाखरांच्या पोटाची काळजी ज्यांच्या गळ्यात आणि ज्यांच्या पोटाची काळजी कुणाच्याच गळ्यात नाही, अशा आपण सगळ्यांनो... बघ, पहिल्याच ओळीत सभा भरली. हातात पेन धरलं तरी हात माइकच शोधतो. लहानपणी तू मला ‘भोंगा’ म्हणायचास ते उगाच नव्हे.

तर नमस्कार. वहिनींचा गुडघा कसा आहे? धान्याच्या दुकानात तुला गोण्या उचलाव्या लागतात असं कानावर आलं. तुझ्या कमरेला ते झेपणारं नाही, पण तुला सांगायचा हक्क मी कुठल्या तोंडाने बजावू? जाऊ दे.

इकडे प्राणिसंग्रहालयात सगळं ठीक. तिकीट खिडकीवर नवी मुलगी आली आहे, कारण मी आता तिथे नाही. यंदाच्या हंगामात मी मोरांच्या कुंपणातलं काम मागून घेतलं. हसू नकोस. माणसं कमी पडत होती, एवढंच कारण. तू गेल्यापासून तिथे तीन जण आले आणि तिघेही गेले. एकाला पिसांची अ‍ॅलर्जी निघाली, एकाला मोरांच्या ओरडण्याने कानठळ्या बसायच्या आणि तिसरा न सांगताच नाहीसा झाला.

पहिल्याच आठवड्यात तुझ्या लाडक्या मोराने, कोतवालाने, माझा समाचार घेतला. भांडारातून नवी कोरी स्टीलची बादली घेऊन मी ऐटीत आत शिरले. तो पिसारा फुलवून लांडोरींपुढे थरथरत उभा होता. बादलीत त्याला दुसरा मोर दिसला आणि पिसारा मिटून तो थेट अंगावर आला. पोटरीला चार टाके पडले. खाद्यघरातली मावशी पट्टी बांधताना म्हणाली, “अगं बाई, तुझ्या भावाने बादली बाहेरून काळी का रंगवली होती, हे इतक्या वर्षांत तुला कळलं नाही?”

नव्हतं कळलं. मला वाटायचं, तू बादली घासतच नाहीस.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. लांडोरी अंडी घालताहेत, दिवसाआड एक, अगदी वेळेवर. पण सकाळी जाऊन बघावं तर प्रत्येक अंडं फुटलेलं. आतापर्यंत नऊ गेली. मला वाटलं, कवच नाजूक असेल, म्हणून शिंपल्यांचा चुरा वाढवला. प्रथिनांचं मिश्रण दुप्पट केलं. पालेभाजी बारीक चिरून घातली, अळ्या घातल्या. कवचं आता इतकी जाड झाली आहेत की बोटाने दाबली तरी मोडत नाहीत, तरी सकाळी पुन्हा तेच. साप नाही, मुंगूस नाही, जाळी शाबूत आहे. माझ्याकडे तीन कपाटं भरून पुस्तकं आहेत. जगातल्या कुठल्या क्रांतीत काय चुकलं हे मी तासभर सांगेन. एक अंडं शाबूत कसं ठेवायचं ते त्यांत कुठे लिहिलेलं नाही.

साहेबांनी सांगून टाकलं आहे की यंदाही पिल्लं जगली नाहीत, तर मोर दुसरीकडे देऊन टाकणार आणि कुंपणाच्या जागी झोपाळे बसवणार.

काय चुकतंय, दोन ओळींत कळव. दुसरं काही लिहू नकोस हवं तर. नाहीच लिहिलंस तरी मी समजून... नाही, लिहीच.

तुझी धाकटी बहीण


३० एप्रिल

प्रिय दादा,

तुझं उत्तर मिळालं. गोणीच्या लेबलामागे पेन्सिलीने लिहिलेल्या सहा ओळी. ना वर ‘प्रिय’, ना खाली नाव. मी त्या पाठ केल्या आहेत, जशी भाषणं पाठ करते:

“अंडी नाजूक नाहीत. काठ्या उंच आहेत. रंगकामात कुणीतरी परत वर लावल्या असतील. लांडोर संध्याकाळी काठीवर बसते आणि बसल्या जागेवरून अंडं खाली टाकते. हंगामात काठी गुडघ्याच्या वर नको. खाली हातभर भुसा घाल. कोपऱ्यात फळी तिरकी लाव आणि तिच्याआड आमिषाला लाकडी अंडं ठेव.”

सातवी ओळ वहिनींची होती: “ह्यांनी चार कागद फाडले, हा पाचवा.”

त्याच दुपारी काठ्या उतरवल्या. भुसा सुतारशाळेतून आणला. संध्याकाळी कुंपणाबाहेर बाकावर बसून राहिले. थोरली लांडोर काठीवर चढली, अंग फुगवलं, मान आखडली आणि काही विचार करत असल्यासारखी बसली. मग अंडं पडलं. आवाजही झाला नाही. भुशात अर्धं रुतून ते नुसतं पडून राहिलं, दादा, पिवळसर, गरम, अख्खं. मी ते उचललं आणि बाकावर बसून रडले. कोतवाल जाळीपलीकडून माझ्याकडे असा बघत होता, जशी मी त्याच्या हद्दीत आलेली कुणी परकी लांडोर.

आता आठ अंडी झाली आहेत. प्रत्येकावर पेन्सिलीने तारीख घातली आहे. उद्या, शुक्रवारी, आठही एकदम उबवणीच्या यंत्रात ठेवणार, म्हणजे पिल्लं एकाच दिवशी निघतील. अठ्ठावीस दिवस. रोज तीनदा अंडी फिरवायची, हे मावशीने सांगितलं.

मावशीने आणखीही एक सांगितलं. मी विचारलं, “पिल्लांना पहिल्या दिवशी काय घालायचं?” ती म्हणाली, “उकडलेलं अंडं कुस्करून, त्यात पाला अगदी बारीक चिरून. पण नुसतं ताट ठेवून चालत नाही हो. मोराचं पिल्लू खुळं असतं, अन्न समोर असूनही त्याला ते अन्न आहे हे समजत नाही. आई चोचीने टोचून दाखवते. आई नसेल तर आपण बोटाने ताटात टकटक करायची. तुझा भाऊ तासन्‌तास करायचा. बोटाला घट्टा पडला होता त्याच्या.”

गेल्या वर्षीच्या संपात ती अकरा पिल्लं तीन दिवसांची होती.

वर्षभर आपण दोघांनी हा विषय काढला नाही. तू बोलत नव्हतास आणि मी थांबत नव्हते. आता काढते. संपाच्या पाचव्या दिवशी आपल्यातल्याच ड्रायव्हरने तुला मागच्या फाटकातून बाहेर येताना पाहिलं आणि तुला दंडाला धरून सभेत आणलं. तुझ्या हातात काळी बादली, तळाशी कुस्करलेलं अंडं. तीनशे माणसं आधी तुझ्याकडे वळली आणि मग माझ्याकडे. कुणीतरी ओरडलं, “ताई, हा तर तुमचाच भाऊ!”

मी बोलायची थांबले नाही. आयुष्यातलं सगळ्यात गाजलेलं भाषण मी त्या सात मिनिटांत केलं. रक्ताचं नातं मी फाटकाबाहेर ठेवून आले आहे, म्हणाले. फितुराला बहीण नसते, म्हणाले. टाळ्या थांबेनात. तू बादली खाली ठेवलीस, कडी आडवी पाडलीस, आवाज होऊ नये म्हणून जशी नेहमी पाडायचास तशी, आणि निघून गेलास.

ती बादली आता युनियनच्या खोलीत दाराच्या वर खिळ्याला उलटी टांगलेली आहे. येणारा-जाणारा बघतो. नव्या माणसाला सांगतात, ‘ही फितुराची बादली’. मी त्याच खोलीत रोज बसते. माझी चिटणिसाची खुर्ची नेमकी तिच्यासमोर आहे.

तू गेल्यावर कार्यालयातल्या कारकुनाने पिल्लांपुढे ताटभर दाणे ठेवले आणि तो घरी गेला. आपल्यापैकी कुणाचीही आत जायची छाती झाली नाही, माझं भाषण ऐकल्यावर कशी होणार? भरल्या ताटाशेजारी नऊ पिल्लं उपाशी मेली. आणि मी काय केलं? आठव्या दिवशी त्या नऊ पिल्लांवरही भाषण केलं. “मालकांच्या हलगर्जीपणाचे नऊ बळी!” नवव्या दिवशी आपण जिंकलो. वर्तमानपत्रात माझा फोटो आला, मूठ वर केलेला.

वाचली ती दोन आता चांगली वाढली आहेत. मी आत गेले की माझ्या मागे मागे फिरतात. त्यांना काही माहीत नाही.

एवढं पुरे. झालं ते झालं, असं म्हणणार होते, पण ते वाक्य लिहून पाहिलं आणि लाज वाटली.

तुझी बहीण


२५ मे

दादा, आणि वहिनी,

हे पत्र दोघांनी एकत्र वाचावं. दादा, तू एकट्याने वाचून खिशात घालशील म्हणून मुद्दाम वहिनींच्या नावाने पाठवते आहे.

वहिनी, तुमची चिठ्ठी आली. तुम्ही लिहिलंत, “मला फक्त एवढंच सांगा, संपात हे कुणाच्या सांगण्यावरून आत जात होते? वर्षभर विचारते आहे. म्हणतात, ज्याचं त्याने सांगावं, मी सांगणार नाही. मी ह्यांच्याबरोबर घर सोडलं, गाव सोडलं, माझ्या बहिणींचे टोमणे ऐकले. निदान कारण तरी कळू दे.”

हे उत्तर मी तीनदा लिहिलं. पहिल्यात फार सुंदर वाक्यं होती, ते फाडलं. दुसऱ्यात परिस्थितीचं विश्लेषण होतं, तेही फाडलं. आता सरळ सांगते.

त्याला मी पाठवलं होतं.

संपाची पहिली दुपार. खाद्यघरामागच्या नळावर तो हात धूत होता. सकाळीच मी सभेत घोषणा दिली होती, “एकही दाणा आत जाणार नाही!” मी त्याच्याजवळ गेले आणि म्हणाले, “दादा, मोरांच्या पिल्लांचं काय?”

तो म्हणाला, “मरतील. दिवसातून चार वेळा भरवावं लागतं त्यांना.”

“मग तू जा ना. मागच्या फाटकाने जा.”

“पुढच्याने का नको? तूच सभेत सांग, पिल्लांना सूट आहे म्हणून. कोण नाही म्हणेल?”

“आज पिल्लांना सूट दिली की उद्या हरणांना मागतील, परवा माकडांना. संप उरेल का?”

तो हसला. “भोंग्या,” म्हणाला, “तुला पिल्लंही जगवायची आहेत आणि घोषणाही. एखादी तरी गोष्ट सोड की.”

“सापडलास तर मी सांभाळून घेईन.”

“नक्की?”

“आईची शपथ.”

वहिनी, हे मी आईची शपथ घेऊन सांगितलं होतं. आणि पाचव्या दिवशी तो माझ्यासमोर उभा होता. नुसतं ‘ह्याला मी पाठवलं’ म्हणायचं होतं. तीन शब्द. माझ्याकडे शब्द कधी कमी पडलेत? पण त्या शब्दांनंतर ती तीनशे माणसं माझ्याकडे कशी बघतील, ते मला दिसलं आणि मी त्याला त्यांच्यापुढे टाकलं. त्यानेही तोंड उघडलं नाही. मला वाटलं, घाबरला. सहा महिन्यांनी उमगलं की तो माझ्या तोंडून ते तीन शब्द येण्याची वाट बघत होता. बादली ठेवेपर्यंत वाट बघत होता.

अजून एक आहे. दादा, हे तुलाही माहीत नाही. संप मिटला तेव्हा ठरलं होतं, युनियन देईल त्या यादीतल्या प्रत्येकाला कामावर परत घ्यायचं. यादी मी केली, माझ्याच अक्षरात. तुला वाटतं साहेबांनी तुला घेतलं नाही. साहेबांनी मला विचारलं होतं, “तुमच्या भावाचं नाव राहिलंय का?” मी म्हणाले, “नाही. यादी पूर्ण आहे.”

वहिनी, तुमचं घर सुटलं ते ह्या एका वाक्याने.

यंदा मी मोरांचं काम माणसं कमी होती म्हणून मागितलं, असं पहिल्या पत्रात लिहिलं होतं. खोटं होतं. माणसं कमी आहेत कारण एक माणूस मी कमी केला.

चिठ्ठी आल्यावर मी साहेबांकडे गेले. म्हणाले, यादीत एक नाव घालायचं राहिलंय. ते म्हणाले, “वर्षाने? कारण लेखी द्या. आणि तुमच्या सभेचा ठराव जोडा.” म्हणजे कारण सभेपुढे सांगणं आलंच. एका अर्थी बरं झालं, नाहीतर मी कार्यालयातल्या बंद दारामागे उरकून घेतलं असतं. माझी मला खात्री नाही.

परवा, शनिवारी दुपारी, सभा झाली. त्याच फाटकापाशी. मी माइक घेतला नाही, त्यामुळे मागचे लोक “ऐकू येत नाही” म्हणून पुढे सरकले. मी सांगितलं, जसं वर लिहिलंय तसंच, नळापासून यादीपर्यंत. पाच मिनिटंही लागली नाहीत. टाळ्या नाहीत. कुणी शिवी दिली असती तरी बरं वाटलं असतं.

मग मावशी बोलली. “वर्षभर त्या बादलीखाली बसून आपण चहा पितोय,” म्हणाली, एवढंच.

ड्रायव्हर मात्र उठून माझ्यासमोर आला. त्याचा चेहरा काळवंडला होता. “ताई, मी त्याला दंडाला धरून आणलं. माझ्या पोराला अभिमानाने सांगितलं, फितूर पकडला म्हणून. आता पोराला काय सांगू?” इतक्या वर्षांत सभेत मला विचारलेला हा सगळ्यात साधा प्रश्न होता.

ठराव झाला. दोन ठराव झाले. एकाने तुझं नाव यादीत आलं. दुसऱ्याने माझं चिटणीसपद गेलं, एकमताने. माझाही हात वर होता.

सभा संपल्यावर मी खोलीत गेले तर खिळा रिकामा होता. बादली ड्रायव्हरने नेली होती. काल सकाळी मोरांच्या कुंपणाच्या दाराशी ती ठेवलेली सापडली. आतून लख्ख घासलेली आणि बाहेरचा काळा रंग जसाच्या तसा. त्याला कुणी सांगितलं कुणास ठाऊक.

मी तिला हात लावला नाही. माझी पत्र्याची जुनी बादली आहे, तिला चिखल फासून घेते. कोतवालाची तक्रार नाही.

दादा, ‘माफ कर’ हे मी लिहिणार नाही. तो शब्द माझ्या तोंडात गुळगुळीत झाला आहे, माझ्या सगळ्याच शब्दांसारखा. आणि माफी मागितली की तुला ती द्यावी लागेल, निदान नाही म्हणावं लागेल. म्हणजे काम पुन्हा तुझ्याच गळ्यात. तू मला कधीच माफ केलं नाहीस तरी ह्या पत्रातलं काही बदलत नाही. नोकरी तुझी आहे, माझी भेट नव्हे. साहेबांच्या सहीचा कागद सोबत जोडला आहे. वहिनींना दाखव, कारण त्यांचा माझ्या शब्दावर विश्वास नसेल आणि नसावाच.

मी पुन्हा तिकीट खिडकीवर जाते आहे. तू आलास की खिडकीच्या काचेमागे असेन. तू मान वळवून गेलास तरी चालेल.

आता कामाचं. आठांपैकी सहा अंडी जिवंत आहेत, मावशीने उजेडासमोर धरून दाखवली. आत काहीतरी हललं. येत्या शुक्रवारी अठ्ठाविसावा दिवस आहे. पिल्लं निघतील आणि ताटाशेजारी उभी राहतील आणि त्यांना काही कळणार नाही. मी बोट टकटकवून सराव करून पाहिला. मला जमत नाही. माझं बोट फार घाईचं आहे, दोनच मिनिटांत भाषण करायला लागतं. वाचलेल्या दोघांना ताटाशी बसवून पाहिलं, तर एरवी माझ्या मागे फिरणारी ती माझ्या बोटाला बिचकून पळाली.

अंडं उकडून ठेवेन. पाला चिरून ठेवेन. बादली दाराशी आहे.

एकदा मी तुला सांगितलं होतं कुठून जायचं ते. आता शेवटचं सांगते, मग ह्या जन्मात तुला काही सांगणार नाही. शुक्रवारी सकाळी आठला, सगळे कामावर येतात त्या वेळी, पुढच्या फाटकाने आत ये.

ज्याला पाठवलं होतं त्याची,
ज्याने ‘भोंगा’ म्हटलं होतं त्याची,
बहीण